संशयाचा फायदा कोणाला?

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने संगणकावरील खेळाविषयी लिहावे, ही गोष्ट काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. काही महिन्यांपूर्वी मलाही ती तशीच वाटली असती. असले खेळ म्हणजे मुलांच्या वेळेचा आणि पालकांच्या पैशाचा अपव्यय, हे मत मी वर्गात आणि घरात अनेकदा बोलून दाखविले आहे. परंतु 'अनिश्चिततेतील निर्णय' हे प्रकरण शिकवून संपल्याच्या दुसऱ्या दिवशी द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी अध्यापक-कक्षाच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आपण काल जे शिकवलंत ते सगळं एका खेळात आहे. फक्त त्यात पेपर तपासून मिळत नाही." त्याच्या या शेवटच्या वाक्याने माझे कुतूहल चाळवले. पुढे दिवाळीच्या सुटीत, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाजूला सारून, मी तो खेळ खेळलो. त्यानंतर काही रात्री मला नीट झोप लागली नाही, हे कबूल करावयास हवे.

खेळाचे नाव 'पेंटिमेंट'. ऑब्सिडियन या अमेरिकन संस्थेतील अवघ्या तेरा-एक जणांच्या चमूने तो तयार केला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये तो प्रसिद्ध झाला. दिग्दर्शक जॉश सॉयर हा मुळात इतिहासाचा पदवीधर. युरोपातील मध्ययुग मावळत असताना, 1518 साली, आल्प्सच्या पायथ्याशी उत्तर बव्हेरियातल्या नव्हे, तर त्या प्रांताच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागातल्या टासिंग नावाच्या एका काल्पनिक गावात ही कथा घडते. गावाच्या वर किअरसाऊ नावाचा मठ आहे, गावाच्या खाली रोमन काळातील पडीक अवशेष आहेत आणि या दोहोंच्या मध्ये शेतकरी, सुतार, पाथरवट, भटियारा, छापखानेवाला अशी माणसे जगत आहेत. न्यूरेंबर्गहून आलेला आन्द्रेआस मालर हा तरुण चित्रकार मठातील लेखनशाळेत पोथीची चित्रे काढतो. खेळणाऱ्याने त्याच्या रूपाने वावरावयाचे. तलवारबाजी नाही, बंदुका नाहीत, गुणसंख्या नाही. सारी दृश्ये जुन्या सचित्र पोथीच्या किंवा लाकडी ठशांच्या छपाईच्या धाटणीची आहेत. पात्रांना आवाज नाही. ती बोलतात तेव्हा पडद्यावर अक्षरे उमटत जातात आणि ऐकू येते ती केवळ लेखणीची कुरकुर. अंधाऱ्या खोल्या, मठाचे थंड दालन, घंटांचे टोल आणि एकूण वातावरणावर पसरलेली उदासी हा या खेळाचा स्थायीभाव आहे.

या अक्षरांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. प्रत्येक पात्राचे बोलणे त्याच्या विद्येप्रमाणे वेगवेगळ्या वळणाच्या अक्षरांत उमटते. मठवासीयांचे शब्द पोथीच्या ठाशीव वळणात, शेतकऱ्यांचे ओबडधोबड अक्षरात, नव्या विद्येच्या पंडितांचे इटालियन धाटणीच्या डौलदार वळणात. छापखानेवाल्याचे बोलणे तर खिळे जुळवून छापल्यासारखे उमटते. दफ्तरासाठी मोडी आणि पोथीसाठी बाळबोध, हा भेद ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाळला, त्या मराठी वाचकाला यातील मर्म समजावून सांगावयास नको. परंतु खरी मेख पुढेच आहे. एखादा माणूस आपल्याला वाटला त्याहून अधिक शिकलेला आहे, असे आन्द्रेआसच्या ध्यानी आले, की त्या माणसाचे अक्षर तत्क्षणी बदलते. म्हणजे ते अक्षर त्या माणसाचे नव्हतेच. त्याच्याविषयी आपण मनाशी बांधलेला तो अंदाज होता! वर्गात पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरून, कपड्यांवरून आणि बोलीवरून आपण जे अंदाज बांधतो, त्यांची मला तेव्हा आठवण झाली.

मठात पाहुणा म्हणून आलेल्या एका सरदाराचा खून होतो. मृतदेहाजवळ सापडतो तो पिएरो हा वृद्ध मठवासी, आन्द्रेआसचा लेखनशाळेतील वडीलधारा सोबती. तो निर्दोष आहे असे आपल्याला मनोमन वाटते. चौकशीसाठी चर्चचा वरिष्ठ अधिकारी यावयाचा आहे आणि हाती उरतात थोडेसे दिवस. संशयित चार: मठाचा उपाध्यक्ष, एक संन्यासिनी, गावचा पाथरवट आणि ऑटिलिया नावाची एक विधवा. प्रत्येकाला सरदाराचा राग येण्यास कारण आहे, प्रत्येकाविरुद्ध थोडाफार पुरावा आहे आणि कोणाविरुद्धही तो पुरेसा नाही.

आता अर्थशास्त्राकडे येऊ. वेळ ही या खेळातील एकमेव दुर्मीळ वस्तू आहे. दिवस प्रार्थनेच्या प्रहरांत विभागलेला असतो. एका धाग्याचा माग काढावयास निघालो, की दुसरा धागा हातचा निसटतो. सूत कातणाऱ्या बायकांच्या बैठकीत बसावे, तर मठातील कागदपत्रे पाहण्याची वेळ टळते. दुपारचे जेवण कोणाच्या घरी घ्यावयाचे, हासुद्धा निर्णयच; कारण त्या पंक्तीला जे कानी पडते ते दुसऱ्या पंक्तीला पडत नाही. गरिबाच्या आणि मठाच्या ताटातला फरक तेवढा डोळ्यांना दिसतो. संधी-खर्च ही संकल्पना मी गेली कित्येक वर्षे गहू आणि कापड यांच्या कोष्टकाने शिकवीत आलो आहे. विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. येथे मात्र न निवडलेल्या वाटेची किंमत काय, हे मनाला टोचत राहते. फ्रँक नाइट याने 1921 च्या आपल्या ग्रंथात जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. जोखमीचे गणित मांडता येते, अनिश्चिततेचे येत नाही. हर्बर्ट सायमन यांना 1978 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते संस्थांमधील निर्णयप्रक्रियेच्या अभ्यासासाठी. माणूस अपुऱ्या माहितीवर, अपुऱ्या वेळात, 'चालेल' एवढ्यावरच थांबतो, हे त्यांच्या विवेचनाचे सार. दोन्ही गोष्टी मला पाठ होत्या. आपण स्वतः त्या परिस्थितीत सापडलो म्हणजे काय करतो, हे ठाऊक नव्हते.

मी काय केले ते सांगतो. अधिकाऱ्यासमोर उभे राहण्याची वेळ आली तेव्हा खुनी कोण हे मला कळलेले नव्हते. मग मी हिशेब केला. पाथरवटाच्या हातावर गावाची बांधकामे अवलंबून आहेत. उपाध्यक्ष गेला तर मठाची घडी विस्कटेल. संन्यासिनीविषयी मला सहानुभूती वाटत होती. राहता राहिली ऑटिलिया. नवरा गेलेला, मुले हयात नाहीत, घर मठाकडे जाण्याच्या बेतात, आणि या कारणाने चर्चविषयी तिच्या तोंडी सतत कडू शब्द. तिच्या जाण्याने सर्वांत कमी लोकांचे नुकसान होईल, असे मला वाटले. मी तिचे नाव पुढे केले. पिएरो वाचला. गावकऱ्यांच्या देखत तिला देहदंड झाला आणि ते दृश्य पाहावे लागले.

हा हिशेब मी कोठे शिकलो, हे निराळे सांगावयास नको. सामाजिक खर्च किमान ठेवा, हे सूत्र धरणांच्या पुनर्वसनापासून कारखान्यांच्या जागांपर्यंत सर्वत्र वापरले जाते आणि मी ते फळ्यावर लिहून दाखवीत असतो. या सूत्रात ज्याचे कोणी नाही त्याची किंमत आपोआप कमी लागते. कायद्यात संशयाचा फायदा आरोपीला द्यावा, असे तत्त्व आहे. मी तो फायदा दिला, पण ज्यांचे गावात वजन होते त्यांना दिला. खेळ यावर एका शब्दानेही भाष्य करीत नाही. शेवटपर्यंत खेळून पाहा, खरा खुनी कोण हे तो निश्चितपणे सांगतच नाही. सरदाराच्या खुनाआड दडलेले एक मोठे रहस्य अखेरीस उलगडते, परंतु 'तुमचे उत्तर बरोबर' किंवा 'चूक' असा शेरा मिळत नाही. विद्यार्थी म्हणाला होता ते हेच.

कथेचा दुसरा भाग सात वर्षांनंतरचा, 1525 चा. आन्द्रेआस आता नावाजलेला चित्रकार होऊन परततो. गाव मात्र पिचलेले आहे. मठाधिपतीने कर वाढविले आहेत आणि रानातून लाकूडफाटा गोळा करण्यास मनाई केली आहे. हे वर्ष जर्मन शेतकऱ्यांच्या महान बंडाचे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात मेमिंगेन येथे शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनी आपल्या बारा मागण्यांचे पत्रक सिद्ध केले. छपाईच्या नव्या कलेमुळे त्याच्या हजारो प्रती पाहता पाहता जर्मन मुलखात पसरल्या. त्यातील पाचवे कलम जळणाच्या आणि घरबांधणीच्या लाकडाविषयी आहे: जी राने प्रभूंनी विकत घेतलेली नाहीत ती गावाला परत मिळाली पाहिजेत. अकरावे कलम वाचताना मी थबकलो. कूळ मेल्यावर त्याच्या मालमत्तेतून धनी जो वाटा उचलीत असे, तो सर्वस्वी बंद व्हावा, विधवांना आणि पोरक्यांना अशा रीतीने लुबाडले जाऊ नये, असे ते कलम म्हणते. ऑटिलियाची तक्रार याच जातीची होती. मी जिला सात वर्षांपूर्वी 'कडवट' म्हणून हिशेबातून वजा केले, तिचेच म्हणणे आता हजारो शेतकरी छापून मागत होते.

एक दोष येथेच नोंदवितो. बव्हेरियाच्या डचीत हे बंड प्रत्यक्षात फारसे पसरले नव्हते; त्याचा खरा जोर श्वाबिया, फ्रँकोनिया आणि थुरिंजिया या भागांत होता. कथाकारांनी टासिंगला त्यात ओढले ते आपल्या सोयीसाठी. बंडाचा शेवट मात्र इतिहासात आणि खेळात सारखाच भीषण आहे. 15 मे 1525 रोजी फ्रांकेनहाउझेन येथे शेतकऱ्यांची कत्तल झाली आणि त्या मुलखात सरंजामदारांचा अंमल पुन्हा घट्ट बसला. टासिंगमध्ये मठ पेटतो, ग्रंथालय भस्मसात होते. पोथ्या जळतानाचे दृश्य पाहून माझ्यासारख्या पुस्तकवाल्याचा जीव कळवळला. परंतु त्या पोथ्यांचा खर्च ज्यांच्या करांतून निघाला, त्यांना त्या कधी वाचावयास मिळाल्या नव्हत्या, हेही खेळाने आधीच दाखवून ठेवले होते.

रानाच्या या प्रश्नाशी आपलाही संबंध आहे आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. हिंदुस्थानातील वनखात्याचे पहिले महानिरीक्षक म्हणून 1864 मध्ये नेमले गेले ते डीट्रिश ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. जर्मन वनविद्येची शिस्त त्यांच्याबरोबर येथे आली. गावांसाठी काही राने राखून ठेवावीत असे स्वतः ब्रँडिस यांचे मत होते. 1878 चा कायदा झाला तो मात्र सरकारी मक्तेदारीकडे झुकलेला. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या 1883 मधील ग्रंथात गायराने गिळणाऱ्या जंगलखात्यावर जे कोरडे ओढले आहेत, ते मेमिंगेनच्या पाचव्या कलमाशेजारी ठेवून वाचावेत. 25 सप्टेंबर 1930 रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला, तोही याच लाकूडफाट्यापायी. आम्ही अभ्यासक्रमात 'सामायिक साधनसंपत्ती' असा जो कोरडा मथळा घालतो, त्याखाली एवढे रक्त सांडलेले आहे.

तिसऱ्या भागात छापखानेवाल्याची मुलगी माग्डालेन हिच्याकडे गावसभेच्या भिंतीवर गावाचा इतिहास चितारण्याचे काम येते. कोणता प्रसंग रंगवावा आणि कोणता गाळावा, हे तिला ठरवावयाचे असते. हा भाग काहीसा रेंगाळतो आणि एकंदर खेळातही चालणे फार आहे. अधीर वाचकाने आरंभीच्या दोन तासांत कंटाळून तो सोडला, तर मी त्याला दोष देणार नाही. मात्र सोडू नये. चित्रकलेत 'पेंटिमेंतो' म्हणतात ते, वरचा रंग विरळ झाला म्हणजे खालून डोकावणाऱ्या, चित्रकाराने पूर्वी काढून मग झाकलेल्या रेषांना. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ पश्चात्ताप.

असला खेळ बाजारात टिकतो कसा, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञाला पडणारच. ऑब्सिडियन 2018 पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे, आणि मासिक वर्गणी भरून शेकडो खेळ खेळू देणारी योजना नसती तर आपण हा खेळ सुचविलाच नसता, असे दिग्दर्शकानेच जाहीरपणे सांगितले आहे. पूर्वी वाचनालयाच्या वर्गणीवर जशी न खपणारी पुस्तके जगत, तसाच हा प्रकार. मठाच्या आश्रयाने पोथी रंगविणाऱ्या आन्द्रेआसची आणि महाकाय कंपनीच्या आश्रयाने हा खेळ रचणाऱ्या तेरा जणांची स्थिती फार निराळी नाही, ही गोष्ट त्यांच्याही ध्यानात आली असणारच. हा आश्रय किती दिवस टिकेल ते त्या वर्गणीच्या हिशेबावर अवलंबून आहे.

सुटी संपल्यावर तो विद्यार्थी पुन्हा भेटला. "सर, आपण कोणाचं नाव घेतलंत?" त्याने विचारले. मी सांगितले, आणि का तेही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. त्याने उपाध्यक्षाचे नाव घेतले होते. पुरावा अधिक वाटला म्हणून का, असे मी विचारले. "नाही सर," तो म्हणाला, "पुरावा तिच्याविरुद्धही तेवढाच होता. पण तिचं घर आधीच जाणार होतं ना." एवढे बोलून तो तासाला निघून गेला. मलाही पुढच्या वर्गावर जावयाचे होते. त्या दिवशीचा विषय होता सामाजिक खर्च आणि लाभ.