माऊसचा बाण बटणावर आला की

गेल्या भागात आपण पानावर बटण बसवलं. आज ते बोलकं करू.

बाण बटणावर आला की रंग बदलतो किंवा सावली पडते, याला माऊसओव्हर किंवा होवर म्हणतात. हे नुसतं नटवणं नाही. रात्रीच्या पहाऱ्यावरचा संत्री 'थम, कौन आता है' म्हणतो, तेव्हा त्यानं आपल्याला पाहिलंय हे कळतं. बटणानंही तेवढंच सांगायचं: मी दाबण्यासाठी आहे.

1997 साली मॅक्रोमीडियाचं ड्रीमवीव्हर आलं. त्यात यासाठी एकाच मापाची दोन चित्रं द्यायची, एक नेहमीचं आणि एक बाण आल्यावरचं. अदलाबदलीची जावास्क्रिप्ट ते स्वतः लिहायचं. 1998 साली सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीत होवर ही अवस्थाच मिळाली आणि साध्या बटणाला दुसऱ्या चित्राची गरज उरली नाही.

आता वर्डप्रेसवर एलिमेंटर उघडा. समजा, इथं बेंगळुरूतल्या आपल्या गणेशोत्सवाचं पान आहे आणि त्यावर 'नावनोंदणी' हे बटण. बटणावर क्लिक करा, डावीकडच्या पट्टीत 'स्टाइल' निवडा. तिथं 'नॉर्मल' आणि 'होवर' असे दोन भाग दिसतील. 'नॉर्मल'मध्ये गडद केशरी, 'होवर'मध्ये त्याहून गडद तपकिरी द्या. अक्षरं दोन्हीकडे पांढरी. बदल एकदम न होता हळुवार व्हावा म्हणून ट्रान्झिशनची वेळ साधारण 0.3 सेकंद ठेवा. बटण उड्या मारणारी, गरगर फिरणारी अ‍ॅनिमेशनंही त्यात आहेत. वरातीच्या घोड्याला शोभतील, तुमच्या पानाला नाही.

मराठी मजकुरासाठी दोन गोष्टी पाहा. बाण आल्यावर अक्षरं ठळक केलीत तर शब्द रुंदावतो आणि शेजारचा मजकूर सरकतो. अधोरेखा दिलीत तर ती उकार कापत जाते, 'कुटुंब' वाचताना डोळे बारीक करावे लागतात. त्यापेक्षा रंग बदला. पण नव्या रंगावरही अक्षर स्पष्ट दिसायला हवं: साध्या आकाराच्या अक्षराचा पार्श्वभूमीशी फरक किमान 4.5 ला 1 असावा, असं वेबच्या सुलभतेचे नियम सांगतात. हे प्रमाण मोजून देणारी मोफत साधनं नेटवर आहेत.

आता मुख्य गोष्ट. तुमचं पान उघडणाऱ्या बहुतेकांच्या हातात मोबाइल असणार, आणि मोबाइलला बाण नसतो. बोट काचेवर टेकतं तेव्हाच फोनला कळतं, त्याआधी नाही. आयफोनवर तर होवरमुळे नवा मजकूर उघडत असेल तर पहिला स्पर्श त्यातच जातो, लिंक उघडायला दुसरा लागतो. ऐंशीच्या आजोबांना वाटतं, बटण बिघडलंय. म्हणून आरतीची वेळ, सभागृहाचा पत्ता, संपर्काचा नंबर यांतलं काहीही होवरमागे दडवू नका. फोटोवर बाण नेला की नाव दिसतं ही रचना देखणी असते, पण मोबाइलवर ते नाव कित्येकांना सापडतच नाही. नाव फोटोखालीच लिहा.

हात थरथरतो म्हणून माऊस न वापरणारेही असतात. ते कीबोर्डची टॅब कळ दाबत पुढे जातात. बटणावर पोचल्यावर त्यांनाही तसाच बदल दिसला पाहिजे. या अवस्थेला फोकस म्हणतात.

पान तयार झालं की माऊस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब व एंटर दाबत नावनोंदणी पूर्ण करून पाहा. मग तेच घरातल्या एखाद्या साध्या फोनवर. पुढच्या भागात मेनू घेऊ.