पोवळ्यांचा वाटा

गेल्या दिवाळीत बीदरहून आम्ही सहकुटुंब मालवणला गेलो. लेकीने स्कूबा डायव्हिंग केले. पोवळी, रंगीत मासे पाहून ती हरखून वर आली आणि विचारले, "अप्पा, आपल्या पैशांतले या पोवळ्यांना किती मिळतात?" मी निरुत्तर!

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. होडीचा नांगर किंवा माणसाचा पाय लागला की पोवळी मोडतात. पुन्हा वाढायला वर्षे जातात. कॅरिबियन समुद्रातील बोनेर बेटावर १९९२ पासून पाणबुड्या पर्यटकांकडून शुल्क घेतात. त्यातून सागरी उद्यान राखले जाते.

ज्या विहिरीचे पाणी प्यायचे, तिचा गाळ काढायला हात लावायचा, ही आपली रीत. समुद्राला ती का नको? पुढच्या वेळी पावती घेताना लेकीचा प्रश्न आपणही विचारू या.