पाटाकाठच्या जुन्या खुणा
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर एरवी बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, लागणीच्या तारखा, खोडव्याचे व्यवस्थापन असे विषय येतात. या वेळी विषय थोडा निराळा घेतला आहे. शिवारातून फिरताना रस्त्याच्या कडेला, पाटाच्या भरावावर, जुन्या गुऱ्हाळाच्या जागेवर कितीतरी खुणा दिसतात. आपण रोज त्यांच्यावरून जातो, पण त्या कशाच्या हे कुणी विचारीत नाही. इतिहासाची खूण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे नगरचा भुईकोट किल्ला येतो. पण नगर (आजचा अहिल्यानगर) हा उसाचा जिल्हा कसा झाला, हे सांगणाऱ्या खुणा किल्ल्यात नाहीत, त्या आपल्या बांधावर आहेत.

आधी गावांच्या नावांपासून सुरुवात करू. रेल्वेने श्रीरामपूरला उतरणारा नवखा माणूस गोंधळतो. शहर श्रीरामपूर, पण फलाटावरच्या पाटीवर बेलापूर! खरे बेलापूर गाव प्रवरेच्या काठी, काही मैल दूर. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 साली सुरू झाला तेव्हा जवळचे मोठे गाव बेलापूर, म्हणून स्टेशनला ते नाव मिळाले. स्टेशनाभोवती जी पेठ वाढली तिला लोक ‘बेलापूर रोड’ म्हणत, तिचेच पुढे श्रीरामपूर झाले. म्हणजे ती फलाटावरची पाटी ही एक ऐतिहासिक खूणच आहे बघा. तसेच टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी, प्रवरानगर ही नावे कोणत्याही जुन्या दप्तरात सापडायची नाहीत. ती कारखान्यांबरोबर जन्माला आली. आणि राहात्याकडे पत्ता सांगताना माणूस ‘पंधरा चारी’ म्हणतो, तेव्हा तो पाटबंधारे खात्याचा नंबरच गावाच्या नावासारखा वापरत असतो.

आता पाण्याकडे वळू, कारण मूळ तिथे आहे. प्रवरेवर भंडारदरा येथे 1910 साली धरणाचे काम सुरू झाले आणि 10 डिसेंबर 1926 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. म्हणून ते विल्सन धरण. दगडी बांधकाम, उंची सुमारे 270 फूट, साठा 11 टी.एम.सी. तिथून सोडलेले पाणी नदीनेच खाली येते, ओझरच्या बंधाऱ्यावर अडते आणि डाव्या व उजव्या कालव्याने आपल्या शिवारात शिरते. गोदावरीच्या बाजूला दारणा धरण 1916 साली झाले आणि नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून कोपरगावकडे पाणी गेले. भंडारदऱ्याला 1969 साली मोठ्या भेगा पडल्या व पुढे मागच्या बाजूने भक्कम आधार बांधून ते मजबूत करण्यात आले, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. अकोल्याच्या डोंगरातील ज्या लोकांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांच्या शिवाराला मात्र या कालव्यांचे पाणी मिळाले नाही. आपण पाटाची पाळी घेतो तेव्हा हेही ध्यानात असावे.

पण पाणी आले म्हणजे लगेच सुख आले, असे मुळीच नाही. त्या काळी बहुतेक शेतकरी सावकाराच्या वहीत अडकलेला. 1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, वह्या-खती जाळल्या गेल्या आणि 1879 साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला. अशा माणसाने उसासारखे खर्चाचे पीक घ्यायचे तरी कसे? बेणे, पेंड, मजुरी, सगळे रोख. त्यामुळे सुरुवातीला कालव्यावर ऊस केला तो ज्यांना भांडवल व माहिती होती त्यांनी. सासवडची माळी मंडळी नीरा कालव्यावर ऊस शिकली आणि नवे पाट निघाले तशी इकडे येऊन खंडाने जमिनी करू लागली. आपल्या अनेक गावांत त्यांची घराणी आता पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत.

‘ब्लॉक’ हा शब्दही असाच आलेला. पाटाचे पाणी ठराविक क्षेत्राला, ठराविक पिकांच्या फेरपालटीने द्यायचे, ही पद्धत विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यावर बसवली. ऊस एका भागात, बाकीच्या भागात हलकी पिके, असा तो हिशेब. पुढे हिशेब मोडला आणि ऊस सगळीकडे गेला, पण शब्द राहिला.

त्या मोडलेल्या हिशेबाची खूण पाहायची असेल तर दगड शोधू नका, जमीन पाहा. उन्हाळ्यात पाटाखालच्या सखल पट्ट्यात मातीवर पांढरा पापुद्रा येतो. ऊस पिवळा पडतो, ठिकठिकाणी नांगे राहतात. हे शंभर वर्षांच्या पाण्याचे लिखाण आहे. दख्खनच्या कालव्यांवर पहिल्या काही दशकांतच जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या होत्या आणि तेव्हाच्या इंजिनिअरांनी चर खोदायला सुरुवात केली होती. शिवारात असा जुना चर असेल तर तो बुजवून दोन सऱ्या वाढवण्याचा मोह होतो. असे चर बुजवलेले मी पाहिले आहेत आणि वरच्या शेतकऱ्याची चोपण झालेली जमीनही पाहिली आहे. फुले 265 चोपण जमिनीत तग धरतो हे खरे, पण वाण चराचे काम करीत नाही.

वाणांवरूनही काळ सांगता येतो. आजोबा पुंड्या उसाच्या गोष्टी सांगत. मऊ ऊस, चावून खायला गोड. मग चारशे एकोणीस, मग सातशे चाळीस, मग शहाऐंशी-बत्तीस. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र 1932 सालचे. सातशे चाळीस तिथलाच, आणि त्यानेच आपल्या कित्येक घरांचे माळवद पाडून स्लॅब घातला, असे म्हटले तरी चालेल.

कारखान्यांची कथा दोन टप्प्यांची. 1920 च्या सुमारास बेलापूर कंपनी आली, तिचा कारखाना हरेगावला. कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि मैलोन्‌मैल मळे उभे केले. 1932 साली साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाल्यावर टिळकनगरचा कारखाना (1933), मग 1939 मध्ये साकरवाडीचा. जमीन शेतकऱ्याची, साखर कंपनीची, आणि भाव ठरवणारा तिसराच. पुढे 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या व 1963 साली शेती महामंडळ झाले. मूळ मालक खंडकरी मात्र बाहेरच राहिले. त्यांच्या लढ्यात दोन पिढ्या गेल्या, तेव्हा कुठे 2012 पासून जमिनी परत मिळू लागल्या. हरेगाव-टिळकनगरकडची बंद पडलेली जुनी बांधकामे पाहताना नुसते ‘इथे कारखाना होता’ म्हणून चालणार नाही. कुणाच्या जमिनीवर होता, हेही पोरांना सांगितले पाहिजे.

दुसरा टप्पा आपल्या सर्वांचा. 1929 नंतरच्या मंदीत गुळाचे भाव कोसळले आणि बागाईतदार कर्जात बुडाला. लोणी बुद्रुकला विठ्ठलराव विखे पाटलांनी 1923 सालीच पतपेढी काढली होती, तिच्या अनुभवातून पुढचे धाडस झाले. 1945 साली बेलापूर रोडला धनंजयराव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली बागाईतदारांची परिषद भरली आणि शेतकऱ्यांनीच साखर कारखाना काढावा हा विचार पक्का झाला. अर्थशास्त्राचा हा पंडित मग लोणीच्या कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला. वैकुंठलाल मेहता तेव्हा मुंबई सरकारात मंत्री होते, त्यांचे पाठबळ मोठे. 1950 च्या अखेरीस पहिले गाळप सुरू झाले. गावोगाव फिरून, कुठे बैल विकून, कुठे दागिना मोडून शेअर्स जमवले, ते नंतरच्या सगळ्या कारखान्यांना वाट दाखवून गेले. आपलाही त्यातच आला.

नव्या खुणाही तयार होत आहेत. निळवंडे धरणाला मंजुरी 1970 ची आणि डाव्या कालव्याचे लोकार्पण 26 ऑक्टोबर 2023 चे. मधली त्रेपन्न वर्षे कोणत्याही कोनशिलेवर लिहिलेली नसतात. तळेगाव भागातल्या दुष्काळी गावांना विचारा, ते तोंडी सांगतील.

आता मुद्द्याचे. रस्ते रुंद होत आहेत, पाटांना अस्तरीकरण होत आहे. त्यात जुने मैलाचे दगड, मोरीवरची सालाची अक्षरे, चारीच्या जुन्या दगडी तोंडावरचे नंबर भरावात जातात. ठेकेदाराला त्याचे काय? तुमच्या शिवारात असा दगड असेल तर काम सुरू होण्यापूर्वी गट कार्यालयाला कळवा, आमचा चिटबॉय येऊन जागा लिहून घेईल व फोटो काढील. तसेच घरात जुन्या शेअरच्या पावत्या, पहिल्या हंगामाच्या ऊसबिलाच्या चिठ्ठ्या, पाणीपट्टीच्या पावत्या, गुऱ्हाळाचे हिशेब असतील तर घेऊन या. नक्कल काढून मूळ कागद त्याच दिवशी परत दिला जाईल. पेटी उघडताना कसर लागलेली दिसली तरी कागद टाकू नका, तसाच आणा. आणि ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदीतले आजोबा-आजी आहेत त्यांनी निरोप द्यावा, आम्ही घरी येऊन ऐकून घेऊ. सकाळची वेळ बरी; दुपारनंतर सध्या तोडीच्या पाळ्यांत सगळे गुंतलेले असतात.