नाण्यांचा छंद आणि कायद्याचा अंमल

राज्य पालटले की नाण्यावरची मुद्रा पालटते, हा प्राचीन राजनीतीचा दंडक किती तत्परतेने अमलात येई, याचे प्रत्यक्ष प्रमाण नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे 1906 साली सापडलेल्या निधीने दिले. क्षत्रप नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी त्यात होती. आणि त्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर, नहपानाचा उच्छेद करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने, ती आटवून नवी पाडण्याच्या खटपटीत न पडता, आपलेच ठसे उमटवले होते. असे नाणे उजेडात कलते धरले, तर चैत्याच्या कमानींखाली पराभूत राजाच्या मुखाची रेषा आणि ग्रीक अक्षरांचे तुकडे अजूनही दिसतात. हा निधी एकत्र हाती आला, मोजला गेला, अभ्यासला गेला, म्हणूनच त्या सत्तांतराची व्याप्ती आपणांस कळली. तीच नाणी सुटी सुटी बाजारात गेली असती, तर संग्राहकांना सुंदर नाणी मिळाली असती, परंतु इतिहास कायमचा विस्कटला असता.

ही हानी टळावी, हा नाण्यांविषयीच्या कायद्यांचा हेतू असावा, आणि तो मला सर्वथा मान्य आहे. चिंता वाटते ती त्यांच्या तपशिलांची. जमिनीत सापडलेल्या धनासंबंधी आपल्याकडे आजही 1878 चा कायदा चालतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास सापडणाऱ्याने कलेक्टरांकडे लेखी वर्दी द्यावी, आणि ते धन नजीकच्या सरकारी खजिन्यात जमा करावे किंवा त्याबद्दल जामीन द्यावा, असे त्यात फर्मावले आहे. वर्दी न दिल्यास हिस्सा जातो आणि कैदही होऊ शकते. इतके ठीक, परंतु ते धन सरकारने स्वतःसाठी घ्यावयाचे ठरवले, तर मोबदला मिळतो तो धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश! तांब्याची शिवराई असो वा एखाद्या सातवाहन राजाचे दुर्मीळ शिशाचे नाणे असो, कायद्याच्या तराजूत ते तांबे आणि शिसेच. नांगराच्या फाळाला गाडगे लागलेला शेतकरी कचेरीची पायरी चढण्याऐवजी सराफाच्या पेढीकडे वळला, तर त्याला एकट्याला दोष देणे मला न्याय्य वाटत नाही.

दुसरा कायदा 1972 चा. शंभर वर्षांचे झालेले कोणतेही नाणे त्याच्या लेखी पुरावस्तू ठरते, आणि केंद्र सरकार वा त्याने अधिकृत केलेली संस्था यांवाचून कोणालाही ते देशाबाहेर नेता येत नाही. ही मर्यादा कालाबरोबर पुढे सरकते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: पंचम जॉर्जचा 1918 चा रुपया, जो कित्येक घरांत अजून देव्हाऱ्याच्या डबीत असतो, तोही आता पुरावस्तू झाला आहे. परदेशी स्थायिक झालेला नातू आजोबांची आठवण म्हणून मूठभर शिवराया सामानात ठेवून निघाला, तर त्याच्या मनात कितीही निर्मळ भाव असला, तरी विमानतळावरील कस्टमच्या अधिकाऱ्याला त्या अडवाव्याच लागतात.

निर्यातीवर असे बंधन, तसे काही देशांत आयातीवरही. सायप्रसच्या प्राचीन नाण्यांवर 2007 साली आणि चीनच्या नाण्यांवर 2009 साली अमेरिकेने करारान्वये निर्बंध घातले. ते न्यायालयात कसास लावावेत म्हणून संग्राहकांच्या एका संघटनेने लंडनहून काही नाणी मुद्दाम मागवली. ती बाल्टिमोर येथे जप्त झाली, आणि 2012 साली अपील न्यायालयाने सरकारचीच बाजू उचलून धरली. ती नाणी कोठे सापडली याचा दाखला कागदपत्रांत नव्हता. ज्या वस्तूने दोन हजार वर्षे हातोहात प्रवास केला, तिच्या उगमाचा कागद कोणापाशी असणार, ही संग्राहकांची तक्रार मी मनापासून समजू शकतो. तरीही ज्या उकिरात तो उगमच पुसला जातो तेथे चोरट्यांनी आधी कुदळ मारलेली असते, हे त्यांनीही विसरू नये.

इंग्लंडने 1996 च्या कायद्याने यातून मार्ग काढला. निधी सापडल्याचे चौदा दिवसांत कळवावयाचे, तज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीने त्याची बाजारभावाने किंमत ठरवावयाची, आणि संग्रहालयाला तो हवा असल्यास त्याने तेवढी रक्कम भरावयाची. ती सापडणारा आणि जमीनमालक यांना मिळते. आपल्या 1878 च्या कायद्यातील ते एक पंचमांशाचे कलम काढून त्या जागी अशीच तरतूद घालणे संसदेला अवघड नाही, आणि ज्या दिवशी ती होईल, त्या दिवसापासून गाडगे मुशीत न जाता कलेक्टर कचेरीत येऊ लागेल, असा माझा विश्वास आहे.