ठेवणीतलं काही घेतलंय का?

इटलीची ट्रिप ठरली की आपल्या मित्रमंडळींचा होमवर्क बघण्यासारखा असतो. मिलान म्हणजे फॅशनची राजधानी, तिथे हा टी-शर्ट चालेल का? रोमसाठी स्टोल घेतलास ना? कारण व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात उघडे खांदे आणि उघडे गुडघे चालत नाहीत, दारातूनच परत पाठवतात. इटालियन लोकांकडे या सगळ्यासाठी एक झकास शब्द आहे, ‘बेला फिगुरा’. म्हणजे चारचौघांत नीट, शोभेसं दिसायचं. स्वतःसाठी आणि समोरच्याचा मान राखायचा म्हणूनही.

आणि हीच मंडळी लाँग वीकेंडला बुलढाणा जिल्ह्यात निघाली की? चुरगळलेली बर्म्युडा, रात्री झोपताना घातलेला टी-शर्ट आणि पायात बाथरूम स्लिपर्स. ‘गावाकडे तर चाललोय, कोण बघतंय!’

बघतात हो, सगळे बघतात! कारण ‘बेला फिगुरा’ला आपल्याकडेही शब्द आहे: ठेवणीतले कपडे.

शेगाव: रांगेत सगळ्यात गबाळं कोण?

गजानन महाराजांच्या दर्शनाच्या रांगेत उभं राहून जरा आजूबाजूला बघा. काकांचा पांढराशुभ्र शर्ट-पायजमा, डोक्यावर टोपी. काकूंची काठपदराची साडी, तीही ट्रंकेतून खास आजच्यासाठी काढलेली. पोरांच्या केसांना तेल, भांग अगदी सरळ. आषाढीसाठी शेगावहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या पालखीतले पांढऱ्या वेशातले वारकरी ज्यांनी पाहिलेत, त्यांना टापटीप म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

हा नीटनेटकेपणा फुकट येत नाही. हा कापसाचा मुलूख आहे आणि शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 साली केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलढाणाही होता. इथे ठेवणीतला एक जोड म्हणजे मॉलमध्ये जाता जाता उचललेली वस्तू नव्हे. अशा रांगेत आपण हजारो रुपये मोजून घेतलेली फाटकी जीन्स घालून उभे असतो! कुणी काही बोलत नाही. एखादी आजी फक्त गुडघ्याकडे बघते आणि नजर वळवते. मला विचाराल तर ती नजर व्हॅटिकनच्या दारवानापेक्षा जास्त बोलते.

लोणार: ट्रेक आणि देऊळ, टू इन वन

उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेलं हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. जून 2020 मध्ये इथलं पाणी गुलाबी झालं आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जाही मिळाला. तेव्हापासून फोटोसाठी येणाऱ्यांचा उत्साह विचारू नका. पण खाली उतरायची वाट दगडाधोंड्यांची, काटेरी झुडपांची. शॉर्ट्स घातल्यात तर पोटऱ्यांवर नकाशा उमटणार. फुल पँट आणि ग्रिपवाले शूज मस्ट! शिवाय काठावर कमळजा देवीचं मंदिर आहे आणि गावात शिल्पांनी नटलेलं दैत्यसूदन. आपल्यासाठी ती ‘हेरिटेज साइट’ असेल, पण कमळजा ही इथल्या बायाबापड्यांची नवसाची देवी आहे. उन्हासाठी घेतलेली ओढणी इथे आपसूक उपयोगी पडते.

सिंदखेड राजा: फुल ड्रेस डे

12 जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला इथे गेलात तर साधा कुर्तासुद्धा फिका वाटेल. नऊवारी नेसून फेटे बांधलेल्या मुली लखुजी जाधवांच्या वाड्यासमोर ज्या थाटात वावरतात, त्यापुढे कुठलाही रॅम्प किस झाड की पत्ती! त्या दिवशी बॅगेतला सगळ्यात रंगीत कुर्ता बाहेर काढा. फक्त सकाळी गारठा असतो, तेव्हा शाल हवीच.

बॅग भरताना

• कपडे सुती आणि सैलसर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा टाइट जीन्स म्हणजे शिक्षा.
• मुलींसाठी कुर्ता-सलवार आणि मोठी ओढणी. मुलांसाठी सुती शर्ट आणि फुल पँट. गुडघे आणि खांदे झाकलेले असले की कुठेही अडत नाही.
• देवळांत चपला सारख्या काढाव्या लागतात. लेस बांधायच्या शूजसोबत साध्या चपलाही ठेवा.
• टोपी, गॉगल हवेच. पण कुणा वडीलधाऱ्यांशी बोलताना गॉगल डोळ्यांवरून काढा.
• एक इस्त्रीचा जोड वेगळा ठेवा. कुणी ‘चहा घ्या’ म्हणून घरी बोलावलं तर? बोलावतातच!

खर्च काहीच नाही. रोमसाठी घेतलेला तो स्टोल आहे ना कपाटात? शेगावलाही तोच चालतो.