हुगळीवरचा पूल, बंगळुरूचा वारा

हावडा पूल आणि विद्यासागर सेतू या दोघांचा हुगळीवरचा मधला गाळा जवळजवळ सारखाच, सुमारे ४५७ मीटर. पण १९४३चा हावडा पूल म्हणजे पोलादी सांगाड्याचं धूड. वारा त्याच्या जाळीतून निघून जातो. १९९२ साली खुला झालेला विद्यासागर सेतू वेगळ्या जातीचा. पोलादी तुळयांवरचा काँक्रीटचा ३५ मीटर रुंद रस्ता, आणि तो तोलणाऱ्या १२१ केबली. चैत्र-वैशाखात कोलकात्यावर कालबैसाखीची वादळं तुटून पडतात तेव्हा असा पूल कसा वागेल? उत्तरासाठी पुलाची छोटी प्रतिकृती बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या वातबोगद्यात, म्हणजे कृत्रिम वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात, ठेवली गेली.

ही धास्ती पुस्तकी नव्हती. ७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल ताशी सुमारे ६५ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. वय अवघं चार महिने. तिथे वाऱ्याच्या जोरापेक्षा घातक ठरली ती त्याची पुलाशी झालेली संगत. रस्ता किंचित पिळला की त्यावरचा वाऱ्याचा दाब बदलतो, आणि विशिष्ट वेगानंतर तोच दाब पीळ वाढवत नेतो. म्हणून प्रतिकृती नुसती दिसायला हुबेहूब असून भागत नाही. वजन, ताठपणा, हेलकाव्यांचा वेग हे सारं वाऱ्याच्या वेगाशी प्रमाणात बसवावं लागतं. माझ्या मते वातबोगद्यातल्या चाचण्यांची खरी कारागिरी इथेच आहे.

टॅकोमाच्या चौकशीत वायुगतिशास्त्रज्ञ थिओडोर फॉन कार्मान होते, जर्मनीतल्या गटिंगेनच्या लुडविग प्रांटल यांचे शिष्य. कोल्हापूर जिल्ह्यातले विष्णू माधव घाटगे हेही प्रांटल यांच्याच हाताखाली डॉक्टर झाले. १९४२ साली भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीत घाटगे होते. पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवलं. ते १९५१ साली उडालं. त्याच वर्षी संस्थेत सतीश धवन आले. कार्मान यांनी नावारूपाला आणलेल्या, अमेरिकेतल्या कॅलटेकच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या धवनांनी स्वनातीत वाऱ्याचा बोगदा बांधला, तो अवघ्या एक बाय तीन इंचांचा! शिकायला तेवढा पुरे होता. १९५९ साली १४ बाय ९ फुटांचा मोठा बोगदा सुरू झाला. विमानांसाठी मांडलेल्या या खटाटोपाच्या दारात मग पूल, कारखान्यांच्या चिमण्या आणि उंच इमारतीही येऊन उभ्या राहिल्या.