विजेच्या मोटारीतला पहारेकरी



विजेवर चालणारी मोटार ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर महामंडळाची विजेवर चालणारी ‘शिवाई’ धावली. आपल्या यवतमाळातही विजेच्या दुचाक्या आणि मोटारी रस्त्याने जाताना दिसतात. तेव्हा या गाड्या कशा चालतात याबरोबरच त्या कधीकधी का थांबतात, हेही सामान्य नागरिकाने समजून घेतले पाहिजे.

गाडी चालू होत नाही म्हणजे ती बिघडली, अशी आपली समजूत असते. विजेच्या मोटारीत मात्र असेही घडते की, तिच्यातील एक पहारेकरी आपले काम चोख करीत असतो आणि म्हणूनच ती थांबलेली असते. या पहारेकऱ्याला तंत्रज्ञ ‘इंटरलॉक’ म्हणतात.

पहारा कशासाठी, ते आधी पाहू. आपल्या घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. पुष्कळशा विजेच्या मोटारींच्या बॅटरीचा दाब ३०० ते ४०० व्होल्टच्या आसपास असतो; काहींत तो ८०० पर्यंत जातो. वाहनांच्या मानकांप्रमाणे बॅटरीच्या एकदिश प्रवाहात ६० व्होल्टच्या वरचा दाब हा ‘उच्च दाब’ समजतात. शिवाय घरातील प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझण्यास वाव मिळतो. बॅटरीचा प्रवाह असा शून्यावर येत नाही. चालू प्रवाहात जोड उपटला, तर तेथे ठिणगी नव्हे, जाळच धरतो.

आता लिफ्टचे उदाहरण घ्या. कोणत्याही मजल्यावरचे दार जरासे उघडे राहिले, तरी लिफ्ट हलत नाही. प्रत्येक दाराला एक लहानसा स्विच असून ते सारे एकाच तारेत ओवलेले असतात. मोटारीतही तसेच आहे. बॅटरी, मोटर, चार्जर यांना जोडणाऱ्या नारिंगी रंगाच्या जाड केबली तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्या प्रत्येक जोडातून, आणि पुष्कळ गाड्यांत पेटीच्या झाकणांखालूनही, एक बारीक तार फिरवलेली असते. तिच्यातून अगदी क्षीण प्रवाह वाहतो. तो परत येतो तोवर गाडीचा संगणक निश्चिंत असतो. तार कोठे तुटली, की बॅटरीचे मुख्य स्विच तो मिटू देत नाही. गाडी चालू असताना असे झाले, तर पुष्कळ गाड्या भररस्त्यात एकदम थांबत नाहीत. इशारा देतात आणि एकदा बंद केल्यावर पुन्हा चालू होत नाहीत.

यातली एक युक्ती ध्यानात घेण्यासारखी आहे. जोडातील या बारीक तारेच्या पिना मुद्दाम आखूड केलेल्या असतात. जोड काढू लागताच त्या आधी सुटतात आणि जाड पिना नंतर. त्या मधल्या क्षणात संगणकाला प्रवाह तोडण्यास अवधी मिळतो.

दोष सामान्यतः कोठे निघतो? दुरुस्तीनंतर जोड पुरता न बसणे, झाकणाचा स्क्रू ढिला राहणे, पिन वाकणे, पावसाळ्यात ओल शिरून पिना गंजणे, उंदराने तार कुरतडणे. म्हणून मेकॅनिकने प्रथम हत्यार नव्हे, तर प्रश्न हाती घ्यावा. दोष पहिल्यांदा केव्हा दिसला? पावसात, खड्ड्यात आदळल्यावर, की दुरुस्ती झाल्यावर? संगणकातील नोंद ‘साखळी तुटली’ एवढे सांगते. कोठे तुटली, हे ती नेहमीच सांगत नाही.

पुढचे काम प्रशिक्षित माणसाचेच. गाडी बंद करून १२ व्होल्टची लहान बॅटरी सोडवायची, १००० व्होल्टसाठी प्रमाणित रबरी हातमोजे घालून सर्व्हिस प्लग काढायचा आणि पुस्तिकेत दिलेला वेळ थांबायचे; कारण बॅटरी तुटली तरी आतील कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. मग दाब खरोखर गेला आहे हे मीटरने तपासायचे, आणि तो मीटर चालू आहे हेही आधी व नंतर ज्ञात दाबावर पडताळायचे.

त्यानंतरचा शोध आपल्या दिवाळीतील जुन्या दिव्यांच्या माळेसारखा आहे. एक दिवा गेला, की सारी माळ अंधारी. एकेक दिवा तपासत बसण्यापेक्षा माळेचे दोन भाग करावेत आणि तुटका भाग पुन्हा अर्धा करावा. साखळीत आठ जोड असून एकच तुटला असेल, तर तीन मोजमापांत तो सापडतो. अर्थात सर्व्हिस प्लग काढल्यामुळे साखळी तेथे उघडी आहे, हे विसरून चालणार नाही. दोष येऊन-जाऊन असेल, तर मीटर लावून तार व जोड हलक्या हाताने हलवून पाहावेत.

येथेच खरा मोह उभा राहतो. गाडी अडली आहे, कंपनीचे केंद्र दूर आहे, आणि कोणी म्हणतो, “दोन टोके तारेने जोडून देतो, चालू होईल.” कित्येकदा ती चालू होईलही! पण त्या क्षणी आपण पहारेकऱ्याचे डोळे बांधलेले असतात. पुढे कधी एखादा मुलगा ती पेटी उघडेल, तेव्हा प्रवाह तोडणारे कोणी नसेल. काही गाड्यांत या तारेतून ठरावीक ठेक्याचे स्पंद पाठवतात, ते एवढ्याचसाठी की भलत्याच तारेच्या स्पर्शाने संगणक फसू नये. पण दोन टोके जोडणाऱ्या माणसापुढे हा उपायही पुरेल असे नाही.

दुसरीही सावधगिरी हवी. ही साखळी अखंड आहे म्हणजे सर्व ठीक, असे नव्हे. केबलचे वेष्टन विरले तर वीज गाडीच्या सांगाड्यात उतरू शकते. त्यावरचा पहारा वेगळा असतो. एकदिश प्रवाहासाठी मानक दर व्होल्टला निदान १०० ओहम रोध मागते. म्हणजे ३५० व्होल्टच्या गाडीत निदान ३५,००० ओहम. ही तपासणी स्वतंत्रपणे झाली पाहिजे.

आपण नागरिकांनी करावयाचे ते थोडे आहे. नारिंगी केबलीला हात लावू नये, इशाऱ्याचा दिवा केव्हा लागला ते लिहून ठेवावे, आणि गाडी दुरुस्त होऊन आल्यावर विचारावे, “दोष कोठे होता? काय बदलले?” याचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याने दोष काढला आहे की नुसता झाकला आहे, याची खात्री करून घेतल्यावाचून त्या गाडीत घरच्या माणसांना बसवू नये.